अठ्ठावीस दिवसांचा ठोकळा

मष्णूनं साइटवरून आणलेला काँक्रीटचा ठोकळा
आमच्या दाराला अटकाव म्हणून असतो.
एक कोपरा उडालेला.
लाल रंगात तारीख, खाली काट.

अठ्ठावीस दिवस पाण्यात बुडवून मग दाबतात, म्हणाला.
हा लवकर गेला.
ह्याच मालाचा घुमट मात्र
अणुभट्टीवर चढतोच आहे.

खानापुरात सुनावणीला
साहेब कन्नडमधून बोलले, मग इंग्रजीतून.
मराठीतून विचारलं ते फक्त
चहा घेणार का.

मी पिशवीतून ठोकळा काढला,
टेबलावर ठेवला.
माईक बंद पडला, की पाडला.
पंखा तेवढा चालू.
कागद उडायला लागले तसा
साहेबांनी, माझ्याकडं बघतच,
ठोकळा दोन्ही हातांनी ओढला
आणि अहवालावर ठेवला.