भार न टाकता

ब्लेक स्ट्रीटच्या कडेला लोखंडी कठडा आहे.
चढ इतका उभा, की पालिकेलाच दया आली असावी.
अकरा वर्षं मी तो धरला नव्हता.
मागच्या हिवाळ्यात धरला,
आणि हातमोज्यातून गार लोखंड म्हणालं, आलीस?

मिस ऑलरेनशॉंनी पडद्यावर पेन टेकवलं :
इथे रक्त पोचत नाही.
उखळीत बसलेला माझ्या मांडीचा गोळा,
त्याच्या माथ्यावर पावलीएवढा डाग.
अजून गोल आहे, म्हणाल्या, खचलेला नाही.
म्हणजे वेळ आहे. थोडा.

तीन वर्षं सकाळच्या चहाबरोबर घेतलेल्या
त्या पांढऱ्या, बारीक, गरीब दिसणाऱ्या गोळ्या.
त्यांनी मूत्रपिंडं वाचवली
आणि बिल इथे पाठवलं.

बाबांच्या अस्थी निरंजनने एकट्याने वेचल्या.
मी विमानात होते.
आता माझंच एक हाड माझ्याआधी गेलं
आणि मला कुणी कळवलंही नाही.
त्याचा तिसरा दिवस कधी झाला असेल?
बहुधा मी कामावर होते.

काम म्हणजे इस्पितळाच्या तळघरात
लोकांचं रक्त यंत्रात फिरवणं.
नवख्या पोरांना मी एकच नियम शिकवते :
एक नळी ठेवलीत, की बरोब्बर समोर
तितक्याच वजनाची दुसरी ठेवा.
काही नसेल तर साधं पाणी भरून.
नाहीतर यंत्र थयथयाट करतं.

त्या दिवशी माझ्या कमरेच्या हाडातून
वाटीभर मज्जा ओढली,
घुसळली, आणि लोण्यासारख्या वर आल्या
चमचाभर पेशी.
मांडीच्या बाजूने गोळ्यापर्यंत बोगदा पाडला,
आत कोंडलेला दाब मोकळा केला,
आणि त्या वाटेने माझंच मला पेरलं.
शुद्धीवर येताच मी विचारलं,
"समोर काय ठेवलं होतं?"
नर्सला वाटलं, भूल उतरली नाही.

शेजारच्या खाटेवर एनिड स्टॅनिफोर्थ, वय एक्याऐंशी.
तरुणपणी कारखान्यात सुऱ्या-काटे घासायची.
"माझ्या खुब्यात शेफील्डचं स्टील आहे, लव्ह,
मीच घासलेलं असेल कदाचित,"
आणि खोकला येईपर्यंत हसली.
"तू जुनंच का धरून बसलीस?"
म्हटलं, मला अडतिसावं आहे. धातू टिकतो वीस वर्षं, फार तर तीस.
तिने बोटांवर हिशेब केला,
मग तिची जेली माझ्या ताटात ठेवली.

फिजिओ म्हणाला, सहा आठवडे कुबड्या.
पाय टेकवायचा, भार टाकायचा नाही.
समजा, तळव्याखाली अंडं आहे.
मला ते पहिल्याच फेरीत जमलं.
तो चकित. या गावात मी
अकरा वर्षं अशीच चालते आहे, हे त्याला कुठून ठाऊक.

कुणाला लागू पडतं, कुणाला नाही.
टक्केवारी सांगताना मिस ऑलरेनशॉ
खिडकीबाहेर बघतात.
पुढचा स्कॅन जूनमध्ये.

रात्री खुब्यात काहीतरी कुरकुरतं.
रुजतंय की ढासळतंय,
आवाजावरून कळत नाही.
साडेदहाला आईचा फोन येतो. तिथे पहाटेचे चार.
"सहज जाग आली," म्हणते.
तिला कुठे काही दुखत नाही,
तरी रोज, बरोब्बर समोर.