एक सोडून मोज

काही पट्ट्यांना शून्याच्या आधी थोडी कोरी जागा असते,
काहींचं शून्य थेट कडेवर बसलेलं.
हे मला चाळीस म्यानं वाया गेल्यावर कळलं.

गंगापूर धरणाकडच्या एका वायनरीची ऑर्डर होती,
बाटल्यांना चामड्याची म्यानं.
पुढचे तुकडे घरातल्या पट्टीनं आखले,
मागचे लेकीच्या कंपासपेटीतल्या.
दोन्ही कडेपासून धरल्या.
शिवायला बसले तर
भोकं भोकांना ओळखेनात.

रविवार कारंजावर तय्यबभाईंचं दुकान.
"कापायला पट्टी हवी," म्हटलं.
त्यांनी प्लॅस्टिकची काढली.
हिची कड रापी पहिल्याच दिवशी खाईल,
मग तो चावा प्रत्येक रेघेत उमटत राहील.
ॲल्युमिनियमची काढली. देखणी, हलकी,
पण पातं तिच्यातही शिरतं, सोलतं तिला.
टेप तर नकोच.
ओढाल तेवढी लांब होते, लाज नाही तिला.

शेवटी पोलादाच्या काढल्या.
जाड, बारा इंची, आकडे कोरलेले, छापलेले नव्हेत.
मी दोन घेऊन पाठीला पाठ लावली.
शून्यापाशी जुळल्या,
तिसाला पोचता पोचता एक केसभर पुढं.

"ताई, केसाचं काय घेऊन बसलात?"

गुण्या घ्यायला आलेले एक म्हातारे शेजारी उभे होते,
नेरकर, सातपूरच्या टूलरूममध्ये बत्तीस वर्षं काढलेले.
चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"केसाचंच तर घेऊन बसायचं असतं."
आणि तय्यबभाईंच्या बिलबुकावरच दाखवलं:
रेघ मारा. पट्टी पालथी घाला.
त्याच दोन टिंबांतून पुन्हा मारा.
रेघांच्या मधे पोट सुटलं, की पट्टी वाकडी.
पहिलीचं सुटलं. दुसरीचंही, जरासं.
तिसरी एकच रेघ झाली.

दोनशे ऐंशी रुपये.
गुण्याचे वेगळे.

घरी येऊन पट्टीच्या पोटाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा चिकटवला,
चामड्यावरून घसरू नये म्हणून.

आप्पांची पट्टी पितळेची.
सिन्नर फाट्यावर एकेचाळीस वर्षं त्यांच्या मांडीखाली होती.
तिचा पहिला इंच झिजून गुळगुळीत झालाय,
म्हणून मला शिकवताना ते नेहमी म्हणायचे, एक सोडून मोज.
फाट्यावर काही जण कागदावर पाऊल टेकवायचे,
काही जण पाय पुढं करायचेच नाहीत.
घरून सुतळीला गाठ मारून आणायचे
आणि उभ्यानंच वरून सोडायचे ती.
आप्पा सुतळी उचलून पट्टीला लावायचे.
ते गेल्यावर म्हणायचे,
लोक आपलं माप काढतात,
आपण त्यांच्या पायाचं काढावं.

आता त्यांना बारीक दिसत नाही.
नव्या पट्टीवरच्या खाचा त्यांनी अंगठ्याच्या नखानं वाचल्या,
"शून्य कुठंय हिचं?"
"कडेवरच."
मग पितळी पट्टी मागितली, माझीला लावली,
तिचा एक, माझं शून्य.
शेवटाला जाऊन नख थांबलं.
"अर्धं सूत आखूड."
मी गप्प.
एकेचाळीस वर्षं, दिवसाला एक जोड धरली तरी,
मी मनात गुणाकार करत होते.

आप्पा मात्र हसायला लागले.
"अगं, पायही हिनंच मोजले होते ना."

चामडं पसरलं. पोटाकडची बाजू ओढली की वाढते,
म्हणून ओढलं नाही, नुसतं तळव्यानं निवळू दिलं.
वायनरीवाल्यांनी शुक्रवारपर्यंत मुदत दिलीय.
चाळीस पुढचे, चाळीस मागचे.
रापी दगडावर दोनदा फिरवली.
आप्पा खुर्ची सरकवून जवळ आले
आणि पट्टीच्या पलीकडच्या टोकावर
हात ठेवला, दाबून.
"ओढ आता," म्हणाले, "एका दमात नको. तीनदा, हलकं."