दुनळी

जिन्सी नाल्याच्या पुढे, टायरवाल्याच्या मागे
हशमत मिस्त्रींचं दुकान. पाटी नाही.
तात्यांची दुनळी मी सतरंजीत गुंडाळून नेली,
वर परवान्याचं पुस्तक;
मागच्या निवडणुकीत ठाण्यात जमा केल्याची चिठ्ठी
अजून चापाच्या कड्याला लोंबणारी.

मी आधी नक्षी दाखवली.
कळेच्या पट्टीवरची वेल, उडणारी तितरांची जोडी,
तात्या पाहुण्यांना आपला चष्मा देऊन दाखवायचे, ती.
मिस्त्री म्हणाले, "बाईसाब, हे मुंहदिखाईचं झालं.
स्वभाव पेचांना विचारायचा."
आणि एकेका खाचेतून नख फिरवत गेले.
सगळ्या खाचा नळीच्या ओळीत, शिस्तीत,
एकच वाकडी, ओठ फाटलेली.
"इथे कुणीतरी घरचा पेचकस चालवलाय."
(ती मी. सातवीत होते. आत काय असतं, ते बघायचं होतं.)

मग नळ्या सुट्या करून
बोटावर टांगल्या, लाकडी मोगरीनं हलकासा टोला.
ग्वाल्हेरात कान सगळ्यांनाच असतो,
मिस्त्रींचा लोखंडासाठी राखून ठेवलेला.
स्वर बराच वेळ राहिला. समोरच्या टायरवाल्यानं मान वर केली.
"डाग पक्का आहे. कच्चा असता तर
फुटक्या मडक्यासारखी बोलली असती."

चिमणी पेटवली, काजळी धरली,
जोडली, मिटली, उघडली:
काळा ठसा पुरता उमटलेला,
एका कोपऱ्यात केसाएवढी फट सोडून.
"वय आहे," म्हणाले, "पण दात हलत नाहीत."

शेवटी दारात गेले, नळ्या किल्ल्यावरच्या आभाळाकडे धरल्या.
आत उजेडाची कडी, एकात एक.
उजवी पाहिली. डावी पाहिली. पुन्हा डावी.
"उजवी खूप चाललीय.
डावी कोरी म्हणा. एखादा बार झाला असेल, तोही शंकाच."

शिवपुरीकडचा तो बिबट्या,
पहिला बार हुकला, दुसऱ्यात लोळवला,
दर दिवाळीला, चकलीचा तुकडा हातात धरून,
दुसऱ्या बाराशी आवाज खाली आणून.

मी विचारलं, मग त्यांचा पहिला नेम कधी चुकलाच नसेल?
मिस्त्रींनी फडक्यावर तेल घेतलं.
"चुकला असेल. लागला असेल.
नळी तेवढं बोलत नाही.
दुसरा चाप ओढला नाही, इतकंच."

भाव त्यांनी ठाण्याच्या चिठ्ठीमागे लिहिला.
चांगला असावा, मी लगेच वाचला नाही.
दोन्ही चापांवर बोट ठेवून पाहिलं.
पुढचा झिजून गुळगुळीत,
तात्यांच्या बोटाच्या मापाचा.
मागच्यावरच्या बारीक रेघा
अजून टोचतात.