आयपीस फिरवून बघा

फोर्टात तिसऱ्या मजल्यावर माझं दुकान.
दुकान म्हणजे एक टेबल, एक खिडकी
आणि एक लाकडी कपाट, आत चाळीसचा बल्ब कायम पेटता.
दुरुस्तीला आलेले सूक्ष्मदर्शक त्यात बसून असतात
खुडूक कोंबडीखालच्या अंड्यांसारखे.
बल्ब गेला की ती येते.
ती म्हणजे बुरशी. वीस वर्षं मी तिच्यावरच जेवतोय.

ऑगस्टात एका मंगळवारी परळहून फोन,
इस्पितळाच्या लॅबमधून, घोसाळकर बाईंचा.
"पेडणेकर, सगळेच पॉझिटिव्ह येतायत हो.
रात्रपाळीचा वॉचमन, ठीक आहे, बूट काढत नाही तो.
खानावळीत भांडी घासणारा पोरगा, त्याचंही समजू शकते.
पण आज मी कोरी काच ठेवली,
वर नुसता पाण्याचा थेंब,
तरी धागे!"

बाईंनीच मला कधीकाळी शिकवलेलं, चहा गार होईस्तोवर:
नखाचा चुरा घ्यायचा, त्यावर पोटॅशचा थेंब,
नख विरघळतं, बुरशी उरते.
तिच्या भिंती कायटिनच्या,
कोळंबीच्या सालीत असतं तेच.
"झाड नव्हे ती, पेडणेकर. हिरवा कण नाही अंगात.
नात्यानं आपल्याच बाजूची.
फक्त आपण गिळतो नि मग पचवतो,
ती आधी पचवते, मग पिते.
पोट अंगाबाहेर."
आणि म्हणाल्या, वाढते ती टोकाशीच.
मागचा धागा हळूहळू रिता होत जातो,
भिंती तेवढ्या उभ्या.
खिडकीतून समोरची चिमणी दिसत होती.
बाई त्याबद्दल काही बोलल्या नाहीत.

गेलो. बसलो. डोळा लावला.
होते.
पारदर्शक, फांद्या फुटलेले,
जिल्ह्याच्या नकाशावर नद्या असतात तसे.
स्लाइड सरकवली. नद्या जागच्या जागी.
मग आयपीस धरून सावकाश फिरवला
आणि अख्खा जिल्हा
माझ्या बोटांबरोबर वळला.

निनाद, नवीन लागलेला मुलगा, भिंतीला टेकून उभा होता.
"मी तीन रिपोर्ट दिले," तो म्हणाला.
बाई ओरडल्या नाहीत.
रजिस्टर ओढलं, नंबर लावत बसल्या.
वॉचमनचा फोन बंद.
तिसरी बाई म्हणाली, औषध घेतलंच नाही, महाग होतं.
बाई म्हणाल्या, "बरं केलंत."
खानावळीवाल्यानं सांगितलं, पोरगा? कोणता पोरगा?

रात्री दुकानात आयपीस उघडला.
काचेवर काय असतं खायला?
धुळीचा कण, दमट हवा, एवढंसं तेल.
हवेतून फिरत आलेल्या एका बीजाणूला तेवढं पुरतं,
तो फुगतो, कुशीतून कोंब काढतो,
नि अंधारात, कुणाला काही न विचारता,
काचेवरचा लेप चाखत पुढे जातो.
भिंगानं भिंग लावून पाहिलं.
धागे सगळीकडे पसरलेले नव्हते.
एका लंबगोलातून निघाले होते,
वळणावळणाच्या बारीक रेघांवरून,
शेतातल्या तासांवरून पेरत जावं तसे.

अंगठ्याचा ठसा.
भिंगाच्या आतल्या बाजूला.

आत कोण हात लावतं?
मार्चमध्ये सर्व्हिसिंग केलं होतं.
त्या दिवशी मोज्यांचा डबा संपलेला,
खालच्या टपरीवर भजी खाल्लेली.

ईथरचा बोळा तीनदा फिरवला.
धागे निघाले. त्यांची वाट राहिली,
आम्लानं काचेत कोरलेली,
उजेडाला तिरपी धरली तरच दिसणारी.
भिंग बदललं. जुनं फेकवेना,
ते कपाटात, बल्बखाली आहे.

शुक्रवारी बिल नेऊन दिलं: शून्य रुपये.
घोसाळकर बाईंनी चष्म्यावरून बघितलं.
"का हो?"
मी अंगठा पुढे केला.
त्यांना वाटलं, थट्टा करतोय.
निनाद मात्र हसला नाही,
त्यानं कोरी काच ठेवली,
आयपीस फिरवला,
आणि मगच दिवसातली पहिली स्लाइड उचलली.