गवत: बंद

तेमूलेनने कॅबिनेटची एक बाजू काढूनच टाकली आहे.
आत कोळशाची काजळी, पंख्याच्या पात्यांवर मऊ, दाट,
उलानबातरच्या या टेकडीवरची सगळी धुराडी
याच डब्यात येऊन श्वास सोडतात म्हणावं.
दाढीच्या जुन्या ब्रशने तो ती झाडतो.
आईच्या शिलाई मशीनचं तेल, एकच थेंब, पंख्याच्या आसाला.
मग अख्खं धूड ओढत नेतो खिडकीपाशी.
बाहेर उणे एकतीस.
फट बोटभर उघडी.
"थंडी तेवढी फुकट आहे," तो म्हणतो.

रॅमची दुसरी पट्टी मात्र
बाजारात अजून काचेमागेच.

म्हणून सेटिंग्ज.
सावल्या: बंद.
ढग: बंद.
पाण्यातलं प्रतिबिंब, तेही नकोच.
लांबचे डोंगर धुक्यात ढकलले.
बावीस फ्रेम, एकोणतीस, चौतीस,
आणि घोडा अजून अडखळतोच आहे.
गवत: बंद.
त्रेपन्न!
घोडा असा सुटला की टापा मोजता येईनात.

दावादोर्ज आजोबा चुलीत कोळसा सारता सारता थांबले.
पडद्याकडे पाहत राहिले. बराच वेळ.
"गवत कुठे गेलं?"
"काढलं. गवत नसलं की घोडा जोरात पळतो, आजोबा."

त्यांनी चुलीचं झाकण लावलं.
"आमच्याकडे त्या हिवाळ्यात
उलटं झालं होतं."

फटीतून बर्फाचा एक कण आत आला.
मदरबोर्डवर विरघळायच्या आत
तेमूलेनने तो बाहीने टिपला.
मग माऊस हलला.
गवत: थोडं.
एकेचाळीस.
चालेल.