पंचेचाळीस मिनिटं

याकुत्स्कहून निघणार नऊ दहाला,
मॉस्कोत उतरणार नऊ पंचावन्नला.
उयबान आजोबांनी तिकीट डोळ्यांशी नेऊन
दोनदा वाचलं, मग मला विचारलं,
एवढंच? पंचेचाळीस मिनिटं?

बाहेर उणे अठ्ठेचाळीस.
धुकं असं की उभं विमान
अंधाऱ्या गोठ्यातल्या गायीसारखं नुसतं जाणवत होतं.
एकोणीस वर्षं मी या काउंटरवर सामान तोलते,
स्वतः एकदाही उडालेले नाही,
पण हिशेब तोंडपाठ:
चार हजार नऊशे किलोमीटर,
पावणेसात तास,
तिथलं घड्याळ सहा तास मागे.
म्हटलं, आजोबा, सूर्य पश्चिमेला निघालेला असतो,
विमान त्याच्या मागे लागतं,
म्हणून सकाळ संपतच नाही.
त्यांनी सगळं ऐकून घेतलं.
"अकरा वर्षं आली नाही कुन्नेइ," म्हणाले.
"मी समजत होतो, लांब आहे."

मागे रांगेत कोणीतरी खोकलं.

मग त्यांनी पोतं काट्यावर ठेवलं.
लेनाच्या बर्फाखालून काढलेले चार चीर मासे,
सरपणासारखे टणक, वर्तमानपत्रात गुंडाळलेले,
एकाची शेपटी बाहेर.
साडेनऊ किलो.
"वितळतील का?"
हे मला रोज कोणीतरी विचारतं,
किलोमीटर कोणी विचारत नाही.
मासा टणक आहे तोवर आपलं गाव,
पाणी सुटलं की परमुलूख.
म्हटलं, विमानाच्या पोटात थंडी असते,
पुढे मेट्रोत मात्र मांडीवर घेऊ नका.

विमान चार तास उशिरा सुटलं.
आजोबा खुर्चीत बसून,
मधूनमधून मनगट कानाशी नेत,
घड्याळ निघून तर गेलं नाही ना पुढे, एकटंच.

नवव्या दिवशी पहाटे परतले.
गळ्यात नवा मफलर, दुकानातली घडी न मोडलेला.
मी विचारलं, मासे?
"कुन्नेइनं खाल्ले. उभ्या उभ्याच, ओट्याशी.
पोरगा म्हणाला, वास येतो.
रशियनमध्ये म्हणाला. तिनं मला सांगितलं नाही,
पण तेवढं कळतं मला."
मग खिशातून परतीचं तिकीट काढलं:
निघणार संध्याकाळी सहा दहाला,
उतरणार दुसऱ्या दिवशी सहा पन्नासला.
दोन आकड्यांच्या मधल्या कोऱ्या जागेवर
अंगठा ठेवून म्हणाले,
"हे बरोबर छापलंय."

बाहेर नदीपलीकडे जाणारी गाडी
इंजिन चालू ठेवून उभी होती;
या दिवसांत बंद केलं तर वसंतापर्यंत थांबावं लागतं.
जाता जाता त्यांनी रिकामं पोतं
काट्यावर ठेवलं, सहज.
चारशे ग्रॅम.
मी सवयीने आकडा मोठ्यानं वाचला
आणि चिठ्ठी चिकटवायला हात पुढे नेला.