ट्रायल

साडेसात हजार, त्याच्या वर एक रुपया नाही.
नवरात्रातल्या चणियाचोळ्यांची शिलाई,
रव्याच्या डब्यात, रव्याच्या खाली.
रावपुऱ्यात जसवंतभाईंच्या दुकानात
भिंतीवर तेवीस गिटारी टांगलेल्या.
मी मोजल्या. बटणं मोजायची सवय.

"बेन, मुलासाठी ना?"
माझ्यासाठी, म्हटलं.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
आणि खुर्ची पुसून दिली.

पहिली काढली ती निळी, चमचमती.
मी ती उलटी केली.
कापड आधी उलट्या बाजूनं बघायचं असतं.
भोकातून आत डिंकाचे सुकलेले ओघळ,
लग्नाच्या आदल्या रात्री जोडलेल्या बाहीसारखे.
टांगा परत.

दुसरीचा आवाज भरलेला,
पण तारा इतक्या उंच की खालून माझी कात्री गेली असती.
फतेगंजच्या मॅकवान सरांनी बजावलेलं:
बाराव्या पडद्यापाशी दोन रुपयांचं नाणं घाला,
एक सहज जावं, दुसरं अडावं.
हिच्यात तीन गेली.
आणि मान बघा, एक डोळा मिटून,
बडोद्याचा मे महिना लाकडाला सोडत नाही.
सर मान म्हणतात. माझ्या तोंडात गळाच येतो.

"वायरवाली घ्या ना, कॅफेत लागेल."
साडेअकरा हजार.
म्हणजे अस्तराचे सोळा ब्लाउज जास्तीचे,
आणि डिसेंबरात माझे डोळे संध्याकाळी सहालाच दमतात.
कॅफेत बारा टेबलं, एक ज्यूसचं मिक्सर,
शनिवारी अर्धा तास, आठशे रुपये दोघींत.
मृदुला गाते तो माइक
आम्ही स्टुलावर मधोमध ठेवू. भागेल.

मग मी म्हटलं, मी पाठ करून उभी राहते,
तुमच्या भाच्याला वाजवू दे.
किन्नरनं तीन वाजवल्या, एकच चाल.
मी रस्त्याकडे तोंड करून.
समोर लीलो चेवडो तोलत होता एक जण,
चिमूटभर घालायचा, चिमूटभर काढायचा.
दुसरी, मी म्हटलं.
पुन्हा वाजव, क्रम बदलून.
तिसरी.
ती निघाली वेगळीच.
जसवंतभाई इतके हसले की त्यांना खोकला आला.
मीही हसले. गिऱ्हाइकं अशीच करतात,
सोमवारी घट्ट वाटतं, गुरुवारी सैल.

शेवटी हाताला विचारलं.
घट्टा आहे माझ्याकडे, सुईचा,
पण उजव्या हाताच्या मधल्या बोटावर,
आणि तार दाबायची डाव्यानं.
डावा हात आजवर फक्त कापड धरून बसला.
त्यानं सगळ्यांत लहान, तपकिरी ती मागितली,
खांद्यात अरुंद, खालच्या कडेला एक पोचा,
स्टिकर निम्मा निघालेला.
मांडीवर घेतली तर उजवा कोपर कुठे अडला नाही.
सहा हजार दोनशे, पोच्यामुळे.
आवाज? दुसरीइतका भरलेला नाही.
खालची जाड तार जरा बसक्या घशाची,
वरच्या दोन मात्र स्पष्ट बोलतात.
मृदुलाचा आवाज खालीच असतो,
म्हणजे दोघींची गर्दी होणार नाही.

जसवंतभाईंनी तारा सैल केल्या,
खालचं पांढरं हाड काढून काचकागदावर घासलं,
बसवलं, नाणं घातलं, पुन्हा काढलं, पुन्हा घासलं.
मी काही बोलले नाही.
दुसऱ्याच्या हातातलं काम बघत बसायला
मला क्वचितच मिळतं.
सुट्ट्या तारांचा एक जुडगा त्यांनी
बिलात धरला नाही.

दांडिया बाजारात घरी आले,
चहासुद्धा टाकला नाही.
टेप घेतली. खांदा, कंबर, घेर, गळ्याची लांबी.
उरलेल्या रजईच्या कापडाची खोळ बेतली,
आतून मऊ, बाहेर खाकी,
नाण्यासाठी एक छोटा खिसा.

मृदुलाला निरोप पाठवलाय:
शनिवारी साडेसात नक्की.
फक्त ज्यात एफ येतो
असं गाणं अजून महिनाभर काढू नकोस.